डोंगरातली उपासमार, कारखान्यातला धूर



हृदयविकार हा बसून खाणाऱ्यांचा रोग, ही समजूत अजूनही रूढ आहे. पालघर जिल्ह्यात ती तपासून पाहिली पाहिजे. २०१४ साली ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या एका टोकाला जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे आहेत, तर दुसऱ्या टोकाला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत.

जखम झाली वा जंतू शिरले की शरीर त्यांच्याशी झुंजते. या झुंजीलाच वैद्यक दाह म्हणते. ती वर्षानुवर्षे धुमसत राहिली, तर रोहिण्यांच्या भिंतीत साचलेले चरबीचे थर वाढतात व एखादे दिवशी फुटतात. २०१७ साली, दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत, कोलेस्टेरॉल न घटवता केवळ दाह शमवणाऱ्या औषधाने पुन्हा येणारे झटके कमी झाल्याचे दिसले.

मात्र सगळा दाह सारखा नव्हे. बोलिव्हियाच्या जंगलातील त्सिमाने लोकांच्या रक्तात जंतुसंसर्गामुळे दाहाच्या खुणा ठळक आढळतात. तरीही त्यांच्यातील चाळिशीपुढच्या शंभरांपैकी पंच्याऐंशी जणांच्या हृदयरोहिण्यांत चुन्याचा लवलेश नव्हता. दिवसभराचे श्रम, साधा आहार आणि तंबाखूचा अल्प वापर यांनी त्यांना तारले, असे संशोधकांचे अनुमान आहे.

मग मोखाड्याचा श्रमिकही सुरक्षित मानावा काय? तसे मानता येत नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२ साली महाराष्ट्राने पाहिले. मातेची उपासमार गर्भातच बाळाला गाठते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवले, की कमी वजनाच्या भारतीय अर्भकात स्नायू कमी, पण त्या मानाने चरबी अधिक असते; पुढे मधुमेह व हृदयविकाराचा धोका त्यालाच जास्त. असे मूल वाढून पोटासाठी बोईसरला उतरते, तेव्हा उपासमारीच्या ओझ्यावर धुराचे ओझे चढते. २०१८ च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात पहिले होते. सूक्ष्म धूलिकणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारताची २००९ पासूनची मर्यादा आहे ४०. हे कण फुप्फुसांत दाह पेटवतात आणि त्याची झळ रोहिण्यांपर्यंत पोहोचते.

म्हणून कामगाराला केवळ तेल-तंबाखू सोडण्याचा उपदेश पुरेसा नाही. कंत्राटी कामगारासह प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तशर्करा दरवर्षी तपासली जावी, त्याची नोंद त्याच्या हाती असावी, हवेचे आकडे कारखान्याच्या दारावर मराठीत लागावेत, आणि पाड्यांवरील गर्भवतीला पोटभर अन्न मिळावे. या मागण्या एकत्रच लढवाव्या लागतील. कारण पाड्यावरची उपाशी माता आणि कारखान्यातला कंत्राटी मजूर बहुधा एकाच घरातले असतात.