संपत्तीचे विश्वस्तपण



एन्‌रॉन हे नाव रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला सुपरिचित आहे. ह्यूस्टनची ही कंपनी डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिच्यासाठी नैसर्गिक वायूचे सौदे करणारे जॉन अर्नोल्ड हे तरुण व्यापारी पुढे लोककार्याकडे वळले.

१९७४ मध्ये जन्मलेले अर्नोल्ड १९९५ मध्ये पदवी घेऊन एन्‌रॉनमध्ये दाखल झाले. थंडी किती पडेल, साठा किती उरेल, नळमार्ग पुरे पडतील काय, यांवर वायूचे पुढील महिन्यांचे भाव अवलंबून असतात. त्यांचा अचूक अंदाज हेच त्यांचे भांडवल. कंपनी बुडाल्यावर २००२ मध्ये त्यांनी 'सेंटॉरस' हा गुंतवणूक निधी स्थापन केला. २००६ मध्ये 'अमॅरँथ' हा निधी वायूच्या सौद्यांत अब्जावधी डॉलर गमावून बसला, तेव्हा विरुद्ध बाजूस असलेल्या सेंटॉरसला मोठा नफा झाला. २०१२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, त्यांनी तो निधी बंद केला.

तत्पूर्वी, २०१० मध्येच, अर्नोल्ड व त्यांच्या पत्नी लॉरा यांनी संपत्तीचा मोठा भाग लोकहितार्थ देण्याचे जाहीर केले होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकन सरकारचे कामकाज ठप्प झाले, तेव्हा गरीब बालकांची 'हेड स्टार्ट' केंद्रे चालू राहावीत म्हणून त्यांनी १ कोटी डॉलर दिले. परंतु त्यांचा खरा भर आहे तो पुराव्यावर. त्यांच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने मानसशास्त्रातील १०० प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे ३६ टक्के प्रयोगांतच मूळ परिणाम पुन्हा स्पष्टपणे आढळला. ज्या संशोधनावर धोरणे आखावयाची, तेच आधी तपासले पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

या कार्यावर टीकाही झाली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनात बदल सुचविणाऱ्या मोहिमांना त्यांनी अर्थसाहाय्य दिले, त्यास कामगार संघटनांनी तीव्र विरोध केला. धनवंताने शाळेस देणगी देणे निराळे आणि कायदा कसा असावा यासाठी धन वेचणे निराळे, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही.

महात्मा गांधींनी धनिकास संपत्तीचा विश्वस्त मानले. विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. दानाने पुरावा जमवावा, प्रयोग करून पाहावेत; निर्णय मात्र लोकांनी आणि त्यांच्या प्रतिनिधींनीच करावा. ही मर्यादा पाळली, तरच दान लोकशाहीला पूरक ठरेल.