मोठा गिटारवादक कोण, मोठा बेसवादक कोण

गिटार आणि बेस गिटार ही दोन वाद्ये दिसायला सारखी, पण कामाने अगदी निराळी आहेत. गिटारला साधारणपणे सहा तारा असतात, बेसला चार. बेसच्या चारही तारा गिटारच्या चार जाड तारांच्याच स्वरांना लावलेल्या असतात, फक्त एक सप्तक खाली. गिटारची सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, बेसची सुमारे ४१ वेळा. गिटारचा तुकडा ऐकणाऱ्याला सहज गुणगुणता येतो. बेसचा बहुधा येत नाही. बेस गाण्याच्या तळाशी राहून ठेका आणि सूर यांना एकत्र बांधून ठेवतो. तो वाजत असताना त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही, आणि काढून घेतला की गाणे पोकळ वाटू लागते. त्यामुळे सर्वश्रेष्ठ गिटारवादक कोण आणि सर्वश्रेष्ठ बेसवादक कोण, हे दोन वाद एकाच मापाने मिटत नाहीत.

वऱ्हाडातल्या भजन स्पर्धांना ही गोष्ट पक्की ठाऊक आहे. वाशिम जिल्ह्यात रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत गावोगाव भजनी मंडळे आहेत, आणि अशा स्पर्धांमध्ये मंडळाच्या बक्षिसाबरोबरच उत्कृष्ट गायक, उत्कृष्ट हार्मोनियमवादक, उत्कृष्ट तबला किंवा मृदंगवादक अशी वेगवेगळी बक्षिसे ठेवण्याची पद्धत आहे. पेटीवाला मोठा की तबलजी मोठा, असा प्रश्न परीक्षक विचारत नाहीत. पेटीवाल्याला पेटीवाल्याशीच ताडून पाहतात, आणि तेही त्याने गाणाऱ्याला कशी साथ दिली यावरून. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी याच मुलखात घुमली. पुढे सत्यपाल महाराजांनी एका वेळी सात खंजिऱ्या वाजवून कीर्तन उभे केले. त्यांच्या हाताचे मोठेपण सांगताना कुणी सतारीचा दाखला देत नाही. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला बंजारा समाजाच्या नगाऱ्याचा मान आहे. नाचणाऱ्यांची पावले आपल्या खर्जाने धरून ठेवणारा नगारा जे काम करतो, त्याच जातीचे काम बेस करतो. वाद्य आणि त्याचे काम आधी ठरवायचे, माणसांची तुलना मग करायची, ही भजन स्पर्धेची रीत गिटारच्या वादालाही लागू पडते.

पाश्चात्त्य देशांत हा वाद नियतकालिकांनी वाढवला. अमेरिकेतल्या ‘रोलिंग स्टोन’ने २००३ मध्ये शंभर श्रेष्ठ गिटारवादकांची यादी छापली आणि पहिले नाव जिमी हेन्ड्रिक्सचे घातले. २०११ ची यादी आली, २०२३ मध्ये अडीचशे जणांची आली, तरी पहिली जागा हेन्ड्रिक्सचीच राहिली. हेन्ड्रिक्स डावखुरा होता. उजव्या हाताची गिटार उलटी धरून तो वाजवी, आणि स्पीकरमधून उठणारी किंचाळी, जी इतर वादक टाळत, तिचा त्याने स्वरासारखा उपयोग केला. १९७० मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो वारला. त्याच्याहून जलद बोटे असलेले वादक त्यानंतर कितीतरी झाले, पण त्याने गिटारच्या आवाजाची व्याख्याच बदलली. यादीतली त्याची जागा म्हणूनच टिकली, आणि ती योग्यच आहे.

बेसवादकांची अशी यादी याच नियतकालिकाने २०२० मध्ये केली. तिच्यात पहिला आला जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत त्याचा बेस आहे. तारा तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने, छेडत असे. एवढी गाणी लोकप्रिय झाली तरी तबकडीच्या वेष्टनावर त्याचे नाव नसे. १९७१ च्या मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर कंपनीने वादकांची नावे छापली, तेव्हा ते पहिल्यांदा लोकांसमोर आले. म्हणजे ज्याला आज जगातला पहिल्या क्रमांकाचा बेसवादक मानतात, त्याचे ऐन उमेदीतले बहुतेक काम निनावी होते.

मुंबईच्या चित्रपटसंगीताची कथा हीच आहे, आणि वाशिमच्या श्रोत्याचा गिटारशी संबंध प्रामुख्याने तिथूनच आला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. गाण्याआधी चित्रपटाचे, गायकाचे, गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव सांगण्याची शिस्त रेडिओने घालून दिली, आणि तिने श्रोत्यांवर मोठे उपकार केले. वादकाचे नाव मात्र त्या शिस्तीत नव्हते. ते तबकडीवरही नव्हते, चित्रपटाच्या श्रेयनामावलीतही बहुधा नसे. वादक शिफ्टवर येत, समोरचे स्वरलेखन वाचून वाजवत आणि दिवसाचे पैसे घेऊन जात. कितीतरी वर्षे गायक आणि सगळे वादक एकत्र बसून गाणे एका दमात ध्वनिमुद्रित करीत. एकाचा हात चुकला तर साऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. अशा ठिकाणी टिकलेला बेसवादक किती भरवशाचा असेल, याची कल्पना यावरून येते.

बेसवादकाच्या वाट्याला आणखी एक अडचण होती, ती ध्वनिशास्त्राची. शेतात, दुकानात, ओट्यावर वाजणाऱ्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर तळहाताएवढा. सेकंदाला ४१ कंपनांचा स्वर एवढ्या लहान पडद्यातून जवळजवळ बाहेरच पडत नाही. तरीही कान तो ऐकतो, कारण प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात. ते कानी पडले की मेंदू गाळलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. म्हणजे एका मोठ्या काळातल्या श्रोत्यांनी बेसचा बराचसा भाग अंदाजाने ऐकला. गिटार मात्र त्या लहान स्पीकरमधूनही स्पष्ट येत असे. ऐंशीच्या दशकात कॅसेट आणि मोठे स्पीकर घरोघर आले, पुढे मिरवणुकांत साउंड सिस्टिम आली, तेव्हा बेस छातीत जाणवू लागला. गिटारवादकांची चर्चा आधी झाली आणि बेसवादकांची मागे राहिली, याचे एक कारण स्पीकरच्या आकारात आहे.

चित्रपटातल्या गिटारवादकांत पहिला दावा भूपिंदर सिंग यांचा. लोक त्यांना गझलगायक म्हणून ओळखतात. अमृतसरला जन्मलेल्या या कलावंताला मदनमोहन यांनी १९६४ च्या ‘हकीकत’मध्ये गायला लावले, पुढे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात त्यांची गिटार महत्त्वाची ठरली. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधले ‘दम मारो दम’ सुरू होताना जी गिटार ऐकू येते आणि १९७३ च्या ‘यादों की बारात’मधल्या ‘चुरा लिया’च्या आरंभी पेल्याच्या किणकिणीपाठोपाठ जी येते, ती भूपिंदर यांची. दोन्ही तुकडे अवघड नाहीत. शिकाऊ मुलगा काही दिवसांत ते बसवू शकतो. पण गायिकेने तोंड उघडण्याआधी गाण्याचा सगळा रंग त्यांनी ठरवून टाकलेला असतो, आणि ती गायला लागल्यावर गिटार बाजूला होऊन तिला जागा देते. स्वतः गाणाऱ्या माणसाला गळ्यासाठी जागा कुठे सोडायची ते कळते, आणि भूपिंदर यांच्या हाताला ते कळत होते. १८ जुलै २०२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा अनेक श्रोत्यांना पहिल्यांदाच समजले की आपण त्यांची गिटार जन्मभर ऐकत आलो आहोत.

दुसरा दावा गोरख शर्मा यांचा. ते लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांचे धाकटे भाऊ. १९८० च्या ‘कर्ज’ चित्रपटाची कथाच एका गिटारच्या धुनेवर उभी आहे: नायक ती वाजवतो आणि त्याला मागचा जन्म आठवू लागतो. पडद्यावर गिटार ऋषी कपूर यांच्या हातात आहे, वाजवली आहे गोरख शर्मांनी. भारतात गिटार हाती घेणाऱ्या मुलांच्या कितीतरी पिढ्या ही धून शिकल्या. प्रभाव हे माप धरले तर शर्मांचे पारडे भूपिंदर यांच्याहून जड भरेल. साथीचे माप धरले तर भूपिंदरच पुढे राहतील. रमेश अय्यर यांच्यासारखे ऱ्हिदम गिटारवाले या वादात येतही नाहीत, कारण सुटा तुकडा त्यांच्या वाट्याला क्वचितच येई. गाण्याची चाल धावती ठेवणारे त्यांचे सततचे छेडणे वेगळ्या बक्षिसाच्या लायकीचे आहे.

बेसवर दोन नावे समोर येतात. टोनी वाझ हे राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदाचे बेसवादक. त्या गाण्यांत बेस नुसता ठेक्याबरोबर ठोके देत नाही, गायकाच्या चालीखाली स्वतःची वेगळी चाल चालतो. सत्तरच्या दशकातली गाणी आजही ताजी वाटतात त्यात या चालीचा वाटा मोठा आहे. दुसरे चरणजित सिंग. ते बेसही वाजवत आणि नवनवी इलेक्ट्रॉनिक वाद्येही. १९८२ मध्ये त्यांनी दहा रागांची डिस्कोच्या तालावर एक तबकडी काढली. तिच्यात त्यांनी रोलंड टीबी-३०३ नावाचे यंत्र वापरले, जे एकट्या गिटारवादकाला बेसवादकाशिवाय सराव करता यावा म्हणून बाजारात आले होते. एका बेसवादकाने त्या यंत्रातून भैरव आणि ललत काढले. तबकडी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातल्या संगीतज्ञांनी चकित होऊन कान टवकारले, कारण तिकडे अॅसिड हाउस नावाने गाजलेल्या संगीताशी जुळणारा आवाज त्या शैलीच्या उदयाआधीच मुंबईत निघाला होता. साथीदार म्हणून वाझ आणि कल्पक म्हणून सिंग, असा निवाडा येथे न्याय्य ठरतो.

शास्त्रीय संगीतात गिटार वेगळ्या वाटेने आली. उभ्या धरायच्या गिटारवर पडदे असतात, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग मींड घेणे कठीण. हवाईयन पद्धतीत गिटार आडवी ठेवून तारेवरून धातूची कांडी सरकवतात, आणि मग मींड हवी तितकी लांब घेता येते. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांनी अशा गिटारवर गाण्यांच्या धुना वाजवल्या. बातम्यांआधी उरलेल्या मिनिटांत रेडिओवर गिटारची धून लागे, ती बहुधा याच जातीची. राग मांडण्याचे काम ब्रिजभूषण काब्रा यांनी केले. ते अली अकबर खाँ यांचे शिष्य. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर काब्रांची गिटार आहे. विश्वमोहन भट यांनी पुढे गिटारला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा सिद्ध केली आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांच्यासह केलेल्या तबकडीसाठी १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवला. कीर्ती भट यांची मोठी, पण वाट काब्रांनी पाडली. या दोघांत श्रेष्ठत्व द्यायचे तर काब्रांना द्यावे.

वेग हे माप सगळ्यांत सोपे, म्हणून तरुणांत सगळ्यांत लाडके. त्याने वादकाचा रियाज कळतो, संगीत कळत नाही. त्याहून मोलाचे माप आवाजाची ओळख: चार स्वर ऐकून वादक ओळखू येतो का? बेससाठी आणखी एक कसोटी आहे. गाणे एकदा फक्त बेसकडे कान देऊन ऐकावे, हेडफोन असेल तर उत्तम, आणि तो कुठे थांबतो ते पाहावे. सामान्य बेसवादक जागा भरत जातो. मोठा बेसवादक नेमक्या जागी गप्प बसतो, आणि पुढचा ठोका त्यामुळे दुप्पट वजनाने येतो.

आजच्या पिढीत मुंबईत १९९६ साली जन्मलेल्या मोहिनी डे यांनी बेसला थेट रंगमंचाच्या पुढच्या ओळीत आणले. ए. आर. रहमान आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्यांनी वाजवले आहे, आणि २०२३ मध्ये त्यांची स्वतःच्या नावाची तबकडी निघाली. वाशिमकडच्या जयंती-गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात मात्र बेसची बाजू अनेकदा कीबोर्डवाल्याचा डावा हातच सांभाळतो. चित्रपटसंगीतातल्या जुन्या निनावी वादकांची नावे उजेडात आणण्याचे काम संगीताचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी केले. मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना भेटून, त्यांच्या तोंडून कोणी कुठे काय वाजवले ते टिपून, २००८ मध्ये त्यांनी ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक काढले. भूपिंदर, गोरख शर्मा, टोनी वाझ यांची तुलना करायला लागणारी सामग्री अशा कामामुळे हाती आली आहे.