उजेड बेताचा बरा

श्रोते हो, आपल्या नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुख्यतः उन्हाच्या उजेडात टिपला. मग त्यांच्यावरच्या प्रदर्शनात दिव्यांचा लखलखाट हवा? छे! सिनेमा दिसतो काळोखातच. म्हणून दालनात आधी काळोख करावा. उन्हातून आलेले डोळे सरावावेत म्हणून वाटेत अंधुक उजेडाची ओसरी ठेवावी.

दुसरे असे, की ज्या उजेडात जुना कागद दिसतो, त्याच उजेडाने तो विटतो. विटलेला पुन्हा उजळत नाही. लक्स हे उजेडाचे माप. भर दुपारचे ऊन लाखाच्या घरात, पण अशा कागदावर ५० पुरेत. गुरुजी, शाळेत प्रदर्शन मांडाल तेव्हा नक्कल उजेडात अन् अस्सल सावलीत ठेवा. पोरांच्या पोरांनाही ते पाहायला मिळेल.