धाग्याइतकीच वीण महत्त्वाची



सूत एकच असले तरी साध्या विणीतून मलमल होते, तिरप्या विणीतून ड्रिल आणि साटीन विणीतून तुकतुकीत वस्त्र. कापडाचा गुण धाग्याइतकाच विणीतही असतो. हेच तत्त्व विज्ञानात ‘मेटामटेरियल’ या नावाने विकसित झाले आहे. पदार्थाला लहरींच्या लांबीहून सूक्ष्म अशी घडण दिली, की मुळात नसलेला गुण त्यात प्रकट होतो.

या विचाराचे एक बीज भारतातच रुजले. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये पिळलेल्या तागाच्या जुड्यांतून विद्युतलहरी सोडल्या. लहरींच्या कंपनाची दिशा पिळानुसार उजवी वा डावी वळली. ताग तोच, किमया पिळाची!

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. सूर्याचे काही किरण सौरघटाला दुर्बल ठरतात, तर प्रबळ किरणांची जादा शक्ती उष्णता होऊन वाया जाते. म्हणून साध्या, एकपदरी सौरघटाची तात्त्विक मर्यादा सुमारे ३३ टक्के आहे. यावर उपाय असा: प्रथम सारा प्रकाश शोषून त्याची उष्णता करावी आणि त्या उष्णतेने विशिष्ट घडणीचा पत्रा तापवावा. तो पत्रा मुख्यतः सौरघटाला मानवेल असाच प्रकाश बाहेर टाकतो. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत अशा उपकरणाने २०१४ मध्ये ३.२ टक्के, तर २०१६ मध्ये ६.८ टक्के कार्यक्षमता गाठली. छपरावरील सौरपत्र्यांपुढे हा आकडा लहानच. तथापि २०१६ च्या प्रयोगात सौरघटाने थेट उन्हापेक्षा या मार्गाने अधिक वीज दिली, हे महत्त्वाचे.

भट्ट्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेपासूनही याच रीतीने वीज मिळू शकते. खरी अडचण टिकाऊपणाची आहे. प्रखर उष्णतेत सूक्ष्म घडण उसवते आणि तिच्यासह गुणही जातो. २०१३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी टंगस्टनच्या घडणीला हाफ्नियम ऑक्साइडचा लेप दिला. ती १००० अंश सेल्सियसला बारा तासांहून अधिक आणि १४०० अंशांना किमान एक तास टिकली. भट्टी मात्र वर्षानुवर्षे धगधगत असते.

जाणकार ग्राहक कापडाची झळाळी पाहून भुलत नाही. धुतल्यावर वीण टिकेल का, हे तो विचारतो. ऊर्जेच्या या नव्या वस्त्रालाही समाजाने कौतुकासह हाच प्रश्न विचारावा. ज्या दिवशी त्याचे उत्तर होकारार्थी येईल, त्या दिवशी धुराड्यातून निसटणारी उष्णता घरातील दिवा उजळू लागेल.