टेकडीवरचा किल्ला आणि महालातली घरं



युद्धात उद्ध्वस्त झालेली शहरं पुन्हा कशी उभी राहिली, या विषयावरची परिषद नागपुरात कशाला, असं काहींनी मला विचारलं. या गावानं पुरेसा मार खाल्लेला आहे, एवढंच उत्तर दिलं.

त्यातला पहिला मार घरच्यांचाच. १७६३ साली निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं, जाळलं, तेव्हा आमचे राजे जानोजी भोसले निजामाच्या गोटात होते. दोनच वर्षांनी पेशवे आणि निजाम एक झाले आणि त्यांनी नागपूर जाळलं. पुण्याच्या पाहुण्यांना सांगतो, हिशेब केव्हाच चुकता झालाय, निःसंकोच जेवा. १८११ मध्ये पेंढाऱ्यांनी गावाबाहेरच्या वस्त्या पेटवल्या. मग १८१७ उजाडलं. नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकड्यांवर इंग्रज आणि भोसले यांच्यात लढाई झाली, १६ डिसेंबरला आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा मोड झाला, तरी शहर पडेना. त्यांचे अरब शिपाई आत ठाण मांडून बसले होते. २४ तारखेला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर हल्ला चढवला, तो फसला. अखेर अटी ठरल्या आणि ३० डिसेंबरला अरब बाहेर पडले. आपण ज्याला आज गांधीगेट म्हणतो, तो हाच जुम्मा दरवाजा.

पुढे जिंकणाऱ्यानं काय बांधलं? टेकडीवर किल्ला आणि १८२१ मध्ये कामठीची छावणी. तिकडे युरोपात, दुसऱ्या महायुद्धानंतर वॉर्सानं चित्रकार बेलोत्तोची अठराव्या शतकातली चित्रं समोर ठेवून जुना भाग उभा केला. रॉटरडॅमनं १९४० च्या बॉम्बवर्षावानंतर मध्यवस्ती नव्यानं आखली. तिकडच्या नकाशे काढणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. आमच्याकडे जळलेल्या घरांवर पुन्हा वासे चढवणाऱ्या सुतारांची, भिंती रचणाऱ्या गवंड्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पुनर्बांधणीची गोष्ट बजेटपासून सुरू करायची आपली खोडच वाईट, असं माझं मत आहे. या सुतार-गवंड्यांना निदान एक सत्र द्या, ही यजमानाची हक्काची मागणी.

व्यवस्थेत उणिवा राहतील. त्या स्वागत समितीच्या कानावर घाला. उद्या सकाळी सातला गांधीगेटपाशी जमायचं, तिथून महालाची जुनी वस्ती पायी. भोसल्यांचा जुना राजवाडा मात्र शोधू नका. तो १८६४ च्या आगीत गेला, तेही लढाईशिवाय. तर्री-पोहे परतल्यावर.

आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत.