लग्नाची चित्रफीत आणि घरचा आवाज

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दादर येथे झालेले भाषण)



शिष्यवृत्त्या, वधूवर-सूचक केंद्र, इमारत निधी असे भारदस्त विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर असताना लग्नातील व्हिडिओ शूटिंगवर बोलण्याची परवानगी आम्ही मागितली, तेव्हा कार्यकारी मंडळातील काही सभासदांच्या मुखावर स्मित उमटले. ते स्वाभाविकच होते. परंतु ज्या कार्यासाठी आपली कुटुंबे वर्षानुवर्षे पै-पैसा साठवितात, त्यातील पुढे काय उरते, याचा विचार करावा. पंगती दुपारी उठतात. दादरच्या फुलबाजारातून पहाटे आणलेल्या हारांचे सायंकाळी निर्माल्य होते. मागे राहते ते कार्याचे चित्र. मग ते कोणाकडून आणि कसे काढून घ्यावे, हा विषय क्षुल्लक कसा म्हणावा?

प्रथम आमच्या घरचीच हकीकत सांगतो. १९९१ साली आमच्या धाकट्या भगिनीचा विवाह दादरच्या एका कार्यालयात झाला. ते व्हिडिओ कॅसेटचे दिवस होते. गिरगावच्या चाळीत सारा जन्म काढलेल्या आमच्या आत्याबाईंनी त्या प्रसंगी स्वतः रचलेले मंगलाष्टक म्हटले. शार्दूलविक्रीडित वृत्तात त्यांनी आमच्या पणजोबांपासून नववधूपर्यंत घरातील सर्वांची नावे गुंफली होती. कागदावर एक अक्षर नव्हते, सारे मुखोद्गत. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंच्या मंडळींचे डोळे पाणावले.

पंधरा दिवसांनी कॅसेट हाती आली. शेजारपाजारची मंडळी जमली. पडद्यावर आत्याबाई उभ्या राहिल्या, त्यांचे ओठ हलू लागले आणि ऐकू आले ते एका हिंदी चित्रपटातील गाणे! कॅसेट रंगतदार व्हावी म्हणून शूटिंगवाल्याने मूळ आवाज पुसून सर्वत्र गाणी भरली होती. आम्ही मूळ कॅसेट मागावयास धावलो, तो तिच्यावर दुसऱ्या लग्नाचे चित्रण झालेले. त्या गृहस्थाचा हेतू वाईट नव्हता. आमचा आवाज राखा, असे आम्हीच त्याला सांगितले नव्हते. आत्याबाईंनी सारे हसण्यावारी नेले. तीन वर्षांनी त्या निवर्तल्या. पुढे आमच्या मातोश्री ती कॅसेट पाहताना त्या ठिकाणी आवाज बंद करीत आणि आत्याबाईंच्या ओठांकडे पाहून ते मंगलाष्टक आठवू पाहत. दोन चरण येत; तिसरा कधीच आला नाही.

हे घडावे तेही या मुंबईत! ७ जुलै १८९६ रोजी येथील वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, या मुंबईकर छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. रँग्लर परांजपे १९०१ साली स्वदेशी परतले, तो सोहळाही त्यांनी टिपला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला. परंतु या साऱ्या चित्रांना वाचा नव्हती. ती फुटली तीही गिरगावातच: १४ मार्च १९३१ रोजी तेथील मॅजेस्टिक सिनेमागृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि पडद्यावरचे माणूस प्रथम आपल्या भाषेत बोलले. दुर्दैव असे की त्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. सावेदादांपाशी आवाज धरण्याचे साधन नव्हते. ‘आलम आरा’ने आवाज धरला, पण तो पुढे जपला गेला नाही. आपल्यापाशी आज धरण्याचे व जपण्याचे, दोन्हींचे साधन असून आपण बेफिकीर राहिलो, तर दोष कोणाचा?

म्हणून चार गोष्टी अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट माणूस पारखण्याची. तीन मिनिटांची झगमगती चित्रफीत पाहून कोणास विसार देऊ नये. त्याने केलेले एक संपूर्ण लग्न पाहावयास मागावे, आणि तेही आपल्या पद्धतीचे. अंतरपाट एकदाच दूर होतो. त्या क्षणी अक्षता टाकणाऱ्यांच्या गर्दीत कॅमेरा मागे अडकला, तर मुहूर्त पुन्हा येत नाही. कानपिळी, सूनमुख, झाल हे विधी केव्हा होतात हे ज्यास ठाऊक नाही, तो नेमका तेव्हा जेवावयास गेलेला असतो. याकरिता विधींची आणि घरातील वृद्ध मंडळींची यादी आधी लिहून द्यावी, आणि सर्वांना ओळखणारा घरचा एक तरुण दिवसभर त्याच्यासोबत ठेवावा.

दुसरी गोष्ट आवाजाची. कार्यालयात सनई, कर्णा आणि पाहुण्यांचा कलकलाट यांत कॅमेऱ्यावरील माईकला गुरुजींचे मंत्र नीट ऐकू येत नाहीत. गुरुजींच्या उपरण्यास लहानसा माईक लावावा, आणि मंगलाष्टके म्हणणाऱ्यांसाठी वेगळा ठेवावा. गाणी हवी असतील तर ती छोट्या चित्रफितीत खुशाल घालावीत. पूर्ण चित्रफितीत मात्र मूळ आवाजच राहील, हे ठरवून घ्यावे. क्रेन आणि ड्रोन यांच्या खर्चात कपात करून हा माईक घ्यावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

तिसरी गोष्ट कराराची. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ असे सांगते की, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा अथवा चित्रपटाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काम सांगणारा असतो. ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द ध्यानी धरावेत. छापील कागदावर सही करताना तो हक्क आपण नकळत देऊन टाकू शकतो. कच्चे चित्रण संपूर्ण मिळेल, आमच्या संमतीवाचून आमच्या लेकीसुनांची चित्रे जाहिरातीत किंवा समाजमाध्यमांवर जाणार नाहीत, काम अमुक तारखेस पुरे होईल, एवढे लिहून घ्यावे. आणि शेवटचा हप्ता कच्चे चित्रण हाती पडल्यावरच द्यावा. ही अविश्वासाची भाषा नव्हे. लेखी बोलणे झाले की दोन्ही पक्षांचे मन स्वच्छ राहते.

चौथी गोष्ट जतनाची. सेकंदास शंभर मेगाबिट या वेगाने केलेले चित्रण तासाला सुमारे ४५ गिगाबाइट जागा घेते. दोन कॅमेऱ्यांचे दिवसभराचे काम एका लहान पेनड्राइव्हवर मावणार नाही. दोन हार्डडिस्कवर दोन प्रती घ्याव्यात, आणि त्यांतील एक व्याह्यांच्या घरी ठेवावी. तिसरी इंटरनेटवरील साठवणीत असावी. ज्यांच्या कपाटात जुन्या कॅसेटी आहेत त्यांनी तर विलंब करूच नये. आपल्या दमट हवेत फितीस बुरशी धरते, आणि व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या जपानमधील शेवटच्या कंपनीने २०१६ सालीच ते काम थांबविले आहे.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. चित्र कार्यासाठी आहे. कार्य चित्रासाठी नव्हे. कोन साधला नाही म्हणून सप्तपदी पुन्हा चालावयास लावणे, किंवा आजी आशीर्वाद देत असता तिला बाजूस सारणे, हे ज्या घरात घडते तेथे चित्र सुंदर येईल, पण कार्याची शोभा जाईल.

शेवटी मंडळास एक सूचना. कराराचा मराठी नमुना छापून तो कचेरीत सभासदांसाठी ठेवावा, आणि ज्या घरी अद्याप वृद्ध स्त्रिया घरची मंगलाष्टके, ओव्या, उखाणे म्हणतात, त्यांचे ध्वनिमुद्रण आपल्या तरुणांनी घरोघर जाऊन करावे. लालबाग-परळच्या चाळी पडून मनोरे उठत आहेत; गिरगावातील बिऱ्हाडे दूरच्या उपनगरांत गेली आहेत. जागा हातच्या गेल्या, त्या परत येणार नाहीत. आवाज मात्र अजून आपल्या हातचे आहेत. यंदा ज्या घरी कार्य आहे त्यांनी कॅमेरेवाला ठरविण्यापूर्वी आपल्या घरच्या आत्याबाई कोण, हे आठवावे, एवढेच मागणे मागून आम्ही आपली रजा घेतो.