शहराचा इतिहास आणि आपल्या पेटीतले कागद

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. गिरणीतला माणूस. जे वाचले ते पाळीवरून आल्यावर वाचले. तरी संयोजकांनी मला विषय दिला, शहराच्या जुन्या कागदपत्रांचे प्रदर्शन. जे समजले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या वर्ध्याचा इतिहास कुठून सुरू होतो? १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते. १८६६ साली ते पालकवाडीला आणले, तिथे नवे शहर वसले आणि नदीवरून त्याला वर्धा नाव पडले. हे आज आपण सांगू शकतो, कारण सरकारजवळ लिहिणारा कारकून होता आणि लिहिलेले ठेवायला कपाट होते. पालकवाडीच्या मजुराजवळ ना कारकून होता, ना कपाट.

पुढचे पाहा. १९२८ साली जमनालाल बजाज यांनी इथले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. शहराचे प्रदर्शन मांडले तर मंदिराचा फोटो लावावा, शेठजींचाही लावावा. पण त्या दिवशी जे पायरी चढून आत गेले, त्यांची आठवण कोणाच्या घरी सांगितली जात असेल, तर ती लिहून शेजारी लावली पाहिजे. दार उघडणारा एक असतो, आत पाऊल टाकणारे अनेक असतात. दोघे मिळून इतिहास होतो.

आपल्या शहरातले मगन संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडले. खादी आणि ग्रामोद्योग हा त्याचा विषय, म्हणून चरखा तिथे जपला गेला. मग गिरणीच्या मागावर उभे राहून ज्यांचे पाय सुजले, त्यांचे कोणी जपायचे? ते काम आपलेच आहे.

कोणी म्हणेल, कामगाराच्या कागदात काय ठेवले आहे? सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई अशा मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारी घरी बसतो ना बाबांनो, त्याच्यामागे असा एक कागद आहे.

दुसरी गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाचे निमित्त. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. प्रदर्शनात नुसता धोटा ठेवला तर बघणारा म्हणेल, छान लाकडी वस्तू आहे. खाली चार ओळी लिहिल्या तर तोच धोटा बोलायला लागतो.

नागपूरजवळ चिचोलीला बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर आणि रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. वामनराव गोडबोले यांनी त्या जपल्या म्हणून आज आपली लेकरे त्या डोळ्यांनी पाहतात. एका माणसाने मनावर घेतले तर एवढे होते.

आता घरचे सांगतो. माझ्या वडिलांनी उभा जन्म गिरणीत काढला. गिरणी बंद पडली तेव्हा हजेरीची बुके रद्दीच्या भावाने गेली. पुढे हिशेबाच्या वेळी वडिलांच्या नोकरीची सहा वर्षे कागदावर दिसेनात. पुरावा आणा, म्हणाले. जुना गेटपास आणि पगाराच्या चिठ्ठ्या आमच्या पेटीत होत्या, पण पावसाळ्यात वाळवी लागली, आणि मायने तो मातीमोल गठ्ठा चुलीत घातला. तिचा काय दोष? त्याचे मोल तिला कोणी सांगितलेच नव्हते. त्या सहा वर्षांचे पैसे गेले ते गेलेच. वडील शेवटपर्यंत एकच म्हणत, मी होतो ना तिथे!

बंधूंनो, प्रदर्शन म्हणजे दुसरे काय आहे? आमची माणसे तिथे होती, हे चार लोकांसमोर पुराव्यानिशी सांगणे.

म्हणून विनंती आहे. घरी जाऊन पेटी उघडा. गेटपास, युनियनची पावती, संपाचे पत्रक, शाळेचा दाखला, दीक्षाभूमीवरचा फोटो, जे निघेल ते पाहा. त्याला चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नका. कोरड्या जागी ठेवा. मागे नाव, गाव, साल पेन्सिलने हळूच लिहा. प्रदर्शनाला झेरॉक्स द्या, मूळ कागद घरीच ठेवा. कोणाच्या कर्जाचा किंवा घरगुती भांडणाचा कागद त्याला विचारल्याशिवाय मांडू नका. आणि ज्यांच्याजवळ कागद नाही, त्या म्हाताऱ्या माणसांजवळ पोरांनी वही घेऊन बसावे. ती माणसे थांबणार नाहीत.

पुढच्या वर्धापनदिनी याच सभागृहात एक भिंत आपल्या कागदांची असावी, एवढीच इच्छा.